टोळीचं गणित: मॅजिकमध्ये एकाच वंशाचा डेक बांधताना

'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळात 'लॉर्ड ऑफ अटलांटिस' नावाचं एक कार्ड आहे. दोन माना, म्हणजे खेळातलं चलन, मोजून मैदानात येतो, ताकद दोन. एकटा असला तर समोरच्याचं दर फेरीला दोन लाइफ कमी करणार, बस. आता त्याच्या शेजारी 'मास्टर ऑफ द पर्ल ट्रायडंट' आणून ठेवा. तोही दोन मानांचा, ताकदही दोनच. पण दोघांवर जवळजवळ सारखीच ओळ छापलेली आहे: बाकीच्या मर्फोकना, म्हणजे मत्स्यमानवांना, +१/+१. पहिला दुसऱ्याला वाढवतो, दुसरा पहिल्याला. दोघं तीन-तीनचे झाले, मिळून सहा. असाच तिसरा आला की तिघं चार-चारचे, म्हणजे बारा. चौथा आला की चौघं पाच-पाचचे. पाच चोक वीस.

आणि मॅजिकमध्ये प्रत्येक खेळाडू डाव सुरू करतो तो बरोबर २० लाइफवर.

दोन, सहा, बारा, वीस. एकाच वंशाचे क्रीचर घेऊन बांधलेला डेक का चालतो, याचं अर्धं उत्तर या चार आकड्यांत आहे. साध्या डेकमध्ये दोनच्या ताकदीचे चार गडी मिळून आठ होतात. इथे तेवढ्याच खर्चाच्या चौघांचे वीस होतात. उरलेलं अर्धं उत्तर हे की हीच चढण उतारही आहे. त्या चौघांतला एक मेला की वीसचे थेट बारा होतात. मेलेला पाच ताकदीचा, पण जाताना बाकीच्या तिघांचा एकेक गुण घेऊन जातो. हा फायदा कसा उचलायचा आणि हा तोटा कसा सोसायचा, डेक बांधण्याची सगळी डोकेफोड एवढ्याभोवती फिरते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ १९९३ मध्ये आला. गारफिल्ड गणिताचे माणूस, कॉम्बिनेटोरिक्समध्ये डॉक्टरेट केलेले, हे खेळताना अधूनमधून जाणवतं. आपला डेक आपणच बांधायचा: किमान ६० कार्डं, आणि साध्या लँड सोडल्या तर एकाच नावाचं कार्ड चारपेक्षा जास्त नाही. त्यात काही कार्डं 'लँड' असतात. दर फेरीला एक लँड टाकता येते, लँड आडवी केली की त्यातून माना मिळतो (मानेचं अनेकवचन नव्हे, जादूचं चलन समजा), आणि त्या मानातून क्रीचर व मंत्र टाकायचे. सुरुवातीला हातात सात कार्डं, नंतर दर फेरीला एक. क्रीचरवर '२/२' असं लिहिलेलं असतं: पहिला आकडा मारण्याची ताकद, दुसरा सोसण्याची. आलेला क्रीचर त्याच फेरीत हल्ला करू शकत नाही, एक फेरी थांबावं लागतं. वीस लाइफ संपलं की खेळ संपला.

आणि प्रत्येक क्रीचरच्या चित्राखाली एक बारीक ओळ असते: गॉब्लिन, एल्फ, झॉम्बी, मर्फोक, ड्रॅगन. नवख्या खेळाडूला ती ओळ शोभेची वाटते. टोळीच्या डेकमध्ये मात्र सगळा खेळ तिच्यावर चालतो, कारण बाकीची कार्डं तोच शब्द शोधत असतात.

मी हे उलट्या क्रमाने शिकलो. माझा पहिला डेक ड्रॅगनांचा होता. चित्रं अप्रतिम, एकेक ड्रॅगन पाच-सहा मानांचा. सगळे एकाच वंशाचे, म्हणून मला वाटायचं आपण टोळी बांधली. प्रत्यक्षात त्यांतल्या एकाही कार्डाला शेजारी दुसरा ड्रॅगन आहे की बेडूक याने काही फरक पडत नव्हता. पहिले चार-पाच डाव मी हातात ड्रॅगन धरून बसलो आणि समोरचा छोट्या-छोट्या क्रीचरांनी मला संपवत राहिला. तो घोळका होता, टोळी नव्हती. आता एखादं कार्ड डेकमध्ये घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हे बाकीच्यांसाठी काय करतं, आणि बाकीचे याच्यासाठी काय करतात? दोन्हींचं उत्तर 'काही नाही' असेल तर ते कार्ड कितीही देखणं असो, ते पाहुणं आहे.

लॉर्ड म्हणजे कोण

आपल्या वंशाच्या सगळ्यांना बळ देणाऱ्या क्रीचरला खेळाडू 'लॉर्ड' म्हणतात. शब्द पहिल्या संचापासूनचा आहे. १९९३ मधल्या लॉर्ड ऑफ अटलांटिस, गॉब्लिन किंग आणि झॉम्बी मास्टर या तिघांवर वंशाच्या जागी चक्क 'लॉर्ड' असंच छापलेलं होतं. म्हणजे मत्स्यमानवांचा राजा स्वतः मत्स्यमानव नव्हता! त्या संचात त्याने राज्य करावं असं मर्फोक कार्डही एकच होतं, एक मानाचं, १/१, कसलीही करामत नसलेलं. पुढे नियम बदलले, राजे आपापल्या वंशात जमा झाले, पण लॉर्ड हा शब्द तोंडी राहिला. अशा डेकला इंग्रजीत खूप वर्षं 'ट्रायबल' म्हणत. २०२३ मध्ये प्रकाशकांनी तो शब्द सोडला आणि कार्डांवर त्या जागी 'किंड्रेड' आणलं. मी या लेखात टोळी म्हणतो आहे, कारण गॉब्लिनांना दुसरा शब्द शोभत नाही.

लॉर्ड किती घ्यावेत? इथे थोडी शक्यता मोजू. ६० कार्डांत एका लॉर्डच्या चार प्रती असतील तर सुरुवातीच्या सात कार्डांत निदान एक येण्याची शक्यता साधारण ४० टक्के. दोन वेगवेगळे लॉर्ड चार-चार घेतले, म्हणजे आठ, तर ६५ टक्के. बारा घेतले तर ८१. मर्फोक डेक इतकी वर्षं टिकून आहे याचं एक कारण हेच: एकाच कामाचे दोन-तीन वेगळ्या नावांचे लॉर्ड त्यांना मिळाले, त्यामुळे 'एका नावाची चारच' हा नियम त्यांना नडत नाही. टोळी निवडताना म्हणूनच चित्र बघण्याआधी ही मोजणी करावी. ज्या वंशात एकच धड लॉर्ड आहे तिथे दहातले सहा डाव त्याच्याशिवाय सुरू होणार. चौथ्या फेरीपर्यंत, नंतर खेळणाऱ्याने ११ कार्डं पाहिलेली असतात तेव्हा, तो हातात आलेला असण्याची शक्यता ५७ टक्क्यांवर जाते. आठ लॉर्ड असतील तर ती ८२ असते. केवढा फरक आहे बघा.

आता हे टेबलावर कसं घडतं ते पाहू. दुसरी फेरी: दोन लँड, पहिला लॉर्ड. तिसरी फेरी: हल्ल्याच्या आधी दुसरा लॉर्ड टाका. त्याला हल्ला करता येत नाही, पण त्याचं बळ पहिल्याला लगेच मिळतं, म्हणून पहिला तीन मारतो. चौथी फेरी: चार लँड, आणखी दोन लॉर्ड, तेही हल्ल्याआधी. आता पहिले दोघं पाच-पाचचे, दहा मारले. एकूण तेरा. समोरच्याचं सात लाइफ उरलं आणि पाचव्या फेरीत तुमच्याकडे वीस ताकद उभी आहे. कुणी अडवलं नाही तर सामना तिथे संपतो.

'हल्ल्याआधी' हा शब्द मी मुद्दाम दोनदा लिहिला. मॅजिकमध्ये सर्वसाधारण सल्ला उलटा आहे: क्रीचर हल्ल्यानंतर टाका, म्हणजे समोरच्याला तुमच्या हातात काय आहे ते कळत नाही. सल्ला चांगलाच आहे. फक्त लॉर्डला तो लागू नाही.

आणि 'कुणी अडवलं नाही तर' याचीही सोय आहे. लॉर्ड ऑफ अटलांटिस नुसतं बळ देत नाही, बाकीच्या मर्फोकना 'आयलंडवॉक' देतो: समोरच्याकडे आयलंड ही लँड असेल तर त्यांना अडवताच येत नाही. पण मानाला रंग असतात आणि आयलंड निळा माना देते; समोरचा निळा डेक खेळत नसेल तर त्याच्याकडे आयलंड कुठून यायची? तर त्यासाठी 'स्प्रेडिंग सीज' नावाचं दोन मानांचं कार्ड, जे समोरच्याच्या एका लँडला आयलंड करून टाकतं आणि वर तुम्हाला एक कार्ड ओढू देतं. समोरच्याच्या जमिनीत समुद्र घुसवायचा आणि त्यावरून पोहत जायचं. कार्डांचा मेळ म्हणजे काय हे कुणाला समजवायचं असेल तर मी हीच जोडी दाखवतो. एक खाच मात्र लक्षात ठेवा: लॉर्ड ऑफ अटलांटिस 'तुमच्या' मर्फोकना असं म्हणत नाही, सगळ्या मर्फोकना म्हणतो. समोरही मर्फोक असतील तर तुमचा राजा त्यांनाही वाढवतो. २०१२ मध्ये आलेला मास्टर एवढा उदार नाही, तो फक्त आपल्यांपुरता बघतो.

जुन्या खेळाडूंना तिसऱ्या लॉर्डचं विशेष कौतुक असतं, त्याचं कारण 'लाइटनिंग बोल्ट'. एका मानाचं कार्ड, तीन इजा, १९९३ पासून टोळ्यांचा कर्दनकाळ. दोन लॉर्ड असताना दोघं ३/३ असतात, बोल्टने एक मरतो. तिसरा टिकून उभा राहिला की तिघं ४/४ होतात आणि बोल्टच्या पल्ल्याबाहेर जातात. म्हणून अनुभवी खेळाडू तिसरा येण्याआधीच मारतो, आणि तो नेमका कधी मारेल याचा अंदाज घेणं हा तुमच्या खेळाचा भाग होतो.

पाहुण्यांचा हिशोब

आता सगळ्यात जास्त चुका होतात त्या जागी येऊ. टोळीचा डेक म्हटल्यावर लोक वंशाचे पंधरा-सोळा क्रीचर घेतात आणि उरलेल्या जागा आवडत्या कार्डांनी भरतात. हे मारण्यासाठी, ते कार्ड ओढण्यासाठी, आणखी एक अडचणीला असू द्या. प्रत्येक कार्ड वेगळं पाहिलं तर बरोबरच वाटतं.

२००१ मधलं 'गॉब्लिन रिंगलीडर' घ्या. चार मानांचा, २/२, आल्या आल्या हल्ला करू शकतो. पण लोक त्याला घेतात ते दुसऱ्या कारणाने: तो मैदानात आला की डेकची वरची चार कार्डं उघडायची, त्यांतले सगळे गॉब्लिन हातात घ्यायचे, बाकीची तळाशी. डेकमध्ये ३० गॉब्लिन असतील तर चारांत सरासरी दोन मिळतात आणि हात रिकामा जाण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या आत असते. १५ गॉब्लिन असतील तर सरासरी एक, आणि दर तीन-चार वेळांतून एकदा काहीच नाही. कार्ड तेच, मोजलेला माना तोच. फक्त आजूबाजूची दाटी बदलली.

म्हणून डेकमध्ये घेतलेला प्रत्येक पाहुणा स्वतःची जागा तर घेतोच, शिवाय रिंगलीडरसारख्या प्रत्येक कार्डाची धार थोडी बोथट करतो. हा खर्च कुठे छापलेला नसतो, त्यामुळे दिसत नाही. माझा अंदाजी नियम असा: ६० पैकी २२ च्या आसपास लँड, निदान ३० टोळीवाले, आणि जे आठ उरतात त्यांतला प्रत्येक जण दारात उभा करून तपासायचा.

पण मग समोरच्याचा मोठा क्रीचर मारायचा कसा? मंत्र अडवायचा कसा? इथे टोळीच्या डेकमधली सगळ्यात सुंदर गोष्ट येते: बाहेरच्याचं काम करणारा घरचाच माणूस शोधायचा. 'जेमपाम इन्सिनरेटर' हा वंशाने गॉब्लिन आहे. पण दोन माना देऊन तो हातातूनच टाकून दिला तर तुम्ही एक कार्ड ओढता आणि मैदानात जेवढे गॉब्लिन असतील तेवढी इजा एका क्रीचरला होते. म्हणजे मारणारं कार्ड, कार्ड ओढणारं कार्ड, आणि तरीही रिंगलीडरने उचलावा असा गॉब्लिन! मर्फोकांत 'कर्सकॅचर' असाच: एक मानाचा १/१, त्याचा बळी दिला की समोरच्याचा मंत्र अडतो, नाहीतर समोरच्याने एक माना जास्त मोजावा. 'सिल्व्हरगिल अ‍ॅडेप्ट' आल्यावर एक कार्ड ओढू देतो, पण अट ही की त्याला टाकताना हातातला दुसरा मर्फोक दाखवायचा, नाहीतर तीन माना जास्त. इथेही पुन्हा दाटीच. दहा मर्फोकांच्या डेकमध्ये हे कार्ड महाग पडतं. तीस मर्फोक असले की जवळजवळ फुकट.

लँडसुद्धा घरच्या असू शकतात. 'म्यूटाव्हॉल्ट' ही लँड एक माना दिला की त्या फेरीपुरती २/२ चा क्रीचर होते, आणि तिच्यावर लिहिलेलं असतं की ती सगळ्याच वंशांची आहे. म्हणजे ती मर्फोकही आहे आणि लॉर्ड तिलाही वाढवतात. 'कॅव्हर्न ऑफ सोल्स' टाकताना तुम्ही एक वंश सांगायचा. तिच्या मानातून टाकलेला त्या वंशाचा क्रीचर समोरच्याला काउंटर करता, म्हणजे येतानाच अडवता, येत नाही. अशा लँड मी डोळे झाकून घेतो, कारण त्या पाहुण्यांच्या आठ जागांत धरल्याच जात नाहीत.

एका पाहुण्याचं मात्र मर्फोकांनी मनापासून स्वागत केलेलं आहे: 'इथर व्हायल', २००४ मधलं, एक मानाचं. त्याच्यावर दर फेरीला एक खूण वाढवता येते, आणि जेवढ्या खुणा तेवढ्या मानांचा क्रीचर हातातून थेट, फुकट, कधीही मैदानात ठेवता येतो. नवखे खुणा वाढवतच नेतात. जाणकार दोनवर थांबतो, कारण त्याचे बहुतेक मर्फोक दोन मानांचे असतात. मग गंमत सुरू होते. तुमचा ३/३ हल्ल्याला गेला, समोरच्याने आपला ३/३ मध्ये घातला, दोघं मरणार असं सगळ्यांना दिसतंय. तुम्ही व्हायल आडवी करता, हातातून एक लॉर्ड खाली ठेवता. तुमचा आता ४/४. त्याचा मेला, तुमचा उभा. असा डाव एकदा बसला की समोरचा पुढच्या प्रत्येक हल्ल्यात त्या आडव्या-उभ्या व्हायलकडे बघत राहतो, तुमच्या हातात काहीही नसलं तरी.

वेग आणि हात

टोळीचा डेक छोट्या खर्चाचा असावा. कारण साधं आहे: बळ देणाऱ्याला बळ द्यायला कुणीतरी आधी उभं असावं लागतं. पहिल्या दोन फेऱ्यांत मैदान रिकामं राहिलं तर तिसऱ्या फेरीचा लॉर्ड मोकळ्या दरबारात येतो. म्हणून एक आणि दोन मानांची कार्डं भरपूर, तीनची बेताची, चार-पाचची अगदी निवडक. गॉब्लिनांत पहिल्या फेरीचा 'गॉब्लिन लॅकी' नुसता १/१ आहे, पण त्याने समोरच्या खेळाडूला इजा केली की हातातला कुठलाही गॉब्लिन फुकट मैदानात येतो. दुसऱ्या फेरीत तो अडवला गेला नाही आणि हातात पाच मानांचा 'सीज-गँग कमांडर' असेल, तर कमांडर आणि त्याच्यासोबत येणारे तीन छोटे गॉब्लिन असे चौघं दुसऱ्याच फेरीत उभे! म्हणून लॅकी दिसला की लोक हातातलं चांगलं कार्ड त्याच्यावर खर्च करतात. करू द्यावं.

एल्व्ह वेगळ्या वाटेने जातात. त्यांच्याकडे इजेपेक्षा माना जास्त. पहिली फेरी: फॉरेस्ट ही लँड आणि 'लॅनोवार एल्व्ह्ज', जो स्वतः आडवा होऊन एक माना देतो. दुसरी: दोन लँड आणि लॅनोवार मिळून तीन माना, त्यात 'एल्व्हिश आर्चड्रुइड'. हा लॉर्डही आहे आणि मैदानात जेवढे एल्फ तेवढा माना देतो. तिसरी फेरी जरा हळू बघा. तीन लँड, लॅनोवारचा एक, आर्चड्रुइडचे दोन: सहा माना. पण आर्चड्रुइड आडवा करण्याआधी एका लँडवर आणखी एक लॅनोवार टाका. आता एल्फ तीन झाले, आर्चड्रुइड तीन देतो. उरलेल्या दोन लँड, जुना लॅनोवार एक, आर्चड्रुइड तीन: पुन्हा सहाच. नवा एल्फ फुकटात पडला. क्रम उलटा केला असता तर एक माना गेला असता. एल्व्ह खेळणारा माणूस बोटांवर काहीतरी मोजत बसलेला दिसतो तो यासाठी.

त्यांचं दुखणं वेगळं आहे: माना उतू जातो आणि हात रिकामा होतो. शिवाय मानासाठी आडवा केलेला एल्फ हल्ल्याला जाऊ शकत नाही, हे नवख्याच्या नेमक्या शेवटच्या फेरीत लक्षात येतं. म्हणून त्यांना साठलेला माना एका जागी ओतता येईल असं कुणीतरी लागतं, जसा 'एझुरी, रेनेगेड लीडर': पाच माना दिले की सगळ्या एल्फना +३/+३, आणि अडवलं तरी जास्तीची इजा आरपार जाते.

लँडची संख्याही यावरूनच ठरते. मानावाले एल्फ भरपूर असतील तर १८-२० लँड पुरतात. गॉब्लिनांना रिंगलीडर आणि कमांडर परवडायला दोन-चार जास्त लागतात. आणि सुरुवातीचा हात नीट पाहून ठेवायचा. एकच लँड असलेला हात परत द्यावा. तसाच चार लँड आणि तीन महागडी कार्डं असलेला हातही, जरी तो 'बरा' दिसत असला. २०१९ पासून नियमही दयाळू आहे: हात परत दिला की पुन्हा पूर्ण सात कार्डं बघायला मिळतात, मग त्यांतलं एक तळाशी ठेवायचं.

सफाया

आता तो उतार. 'रॅथ ऑफ गॉड': चार माना, मैदानातले सगळे क्रीचर नष्ट. हेही १९९३ पासून आहे आणि याचे भाऊबंद पुढच्या अनेक संचांत येत राहिलेत. टोळीवाल्याने तीन फेऱ्या घाम गाळून उभं केलेलं सगळं एका कार्डात जातं. मी हे इतक्यांदा सोसलंय की समोर चार लँड उघड्या दिसल्या की माझा हात आपोआप थांबतो.

थांबायचं कधी याची एक मोजणी आहे. समजा समोरच्याचं लाइफ १२ आहे. तुमचे तीन क्रीचर दोन-दोनचे, सहा ताकद, आणि समोर अडवायला कुणी नाही. हातात एक लॉर्ड आहे. बोटं शिवशिवतात. टाकला तर काय होईल? या फेरीत तिघं तीन-तीन मारतील, नऊ. उरले तीन, पुढच्या फेरीत संपेल. एकूण दोन फेऱ्या. न टाकला तर? या फेरीत सहा, पुढच्या फेरीत सहा. बारा. तरीही दोनच फेऱ्या! लॉर्ड टाकून सामना एका फेरीनेही लवकर संपत नाही, आणि मध्ये रॅथ पडला तर तीनऐवजी चार कार्डं जातात. तो हातात राहिला तर सफायानंतरच्या रिकाम्या मैदानावर तुमचा पहिला गडी तोच. समोरच्याचं लाइफ ९ असतं तर मात्र क्षणही न दवडता टाकायचा, कारण आत्ताच संपतं. अर्थात समोरचा अडवणारे क्रीचर आणू शकतो, लाइफ वाढवू शकतो, तेव्हा हिशोब पुन्हा करावा. पण प्रत्येक कार्डाआधी 'यामुळे एक फेरी वाचते का' एवढं विचारलं तरी बरेच डाव वाचतात.

शिवाय एखाद्याच वंशावर उठणारी कार्डंही आहेत. 'इंजिनिअर्ड प्लेग' टाकणारा एका वंशाचं नाव घेतो आणि त्या वंशातले सगळे -१/-१. एल्व्ह-गॉब्लिनांतले १/१ जागच्या जागी मरतात, पुढे येणारेही. यावर उपाय डेकबाहेरच्या १५ कार्डांत, म्हणजे साइडबोर्डमध्ये ठेवायचा. फक्त पहिल्या डावानंतर घाबरून सात-आठ पाहुणे आत घेऊ नयेत. मग रिंगलीडर पुन्हा रिकाम्या हाताने येतो. चार-पाचवर थांबावं.

सफायानंतर कोण कसं उठतं, यावर मला टोळ्यांचा स्वभाव कळतो. गॉब्लिन रिंगलीडरने हात भरून घेतात. झॉम्बी मेलेलेच असतात, त्यांना काय फरक पडणार; 'ग्रेव्हक्रॉलर' तर दुसरा एखादा झॉम्बी मैदानात असला की ग्रेव्हयार्डमधूनच, म्हणजे मेलेल्या कार्डांच्या ढिगातूनच, पुन्हा टाकता येतो. १९९७ मध्ये आलेले स्लिव्हर मुळात मरणच टाळू बघतात. त्यांच्यात प्रत्येक जण आपला गुण सगळ्यांना वाटतो: एकाला पंख फुटले की सगळे उडतात, एकाला कुणी लक्ष्य करू शकत नसेल तर कुणालाच नाही. त्यांच्यातला 'मसल स्लिव्हर' पाहिलात तर पुन्हा तेच दोन, सहा, बारा, वीस मिळेल. त्यांची अडचण ही की चांगले स्लिव्हर पाचही रंगांत विखुरलेत, आणि इतके रंग वेळेवर जुळवणारी लँडची मांडणी हा वेगळाच छळ आहे. रॅथपुढे तेही जातात.

'कमांडर' नावाच्या खेळप्रकारात हे सगळं थोडं बदलतं. तिथे १०० कार्डं, प्रत्येक नावाचं एकच, आणि लाइफ ४०. चार-चार प्रती नाहीत, म्हणून वंश मोठा आणि जुना असावा, लॉर्डची वेगवेगळी नावं भरपूर असावीत. भरवसा मग कमांडरवर, म्हणजे डेकचा म्होरक्या म्हणून निवडलेल्या क्रीचरवर, ठेवायचा, कारण तो नेहमी हाताशी असतो. गॉब्लिनांचा 'क्रेन्को, मॉब बॉस' आडवा होतो आणि मैदानात जेवढे गॉब्लिन तेवढे नवे आणतो. एकटा असला तरी एकाचे दोन, दोनाचे चार, मग आठ, सोळा. तीन फेऱ्या कुणी दुर्लक्ष केलं की झालं. चार जणांच्या टेबलावर कुणी दुर्लक्ष करत नाही, हीच काय ती अडचण.

डेक बांधून झाला की तो समोर कुणी नसताना दहा वेळा खेळून बघावा. वीस इजा कितव्या फेरीत होते ते लिहायचं, आणि त्या वेळी हातात कुठलं कार्ड पडून राहिलं होतं तेही. पाच-सहा ओळी झाल्या की एखादं नाव पुन्हा पुन्हा दिसायला लागतं. माझ्या गॉब्लिन डेकमध्ये मी पहिल्या डेकची आठवण म्हणून एक ड्रॅगन ठेवला होता, सहा मानांचा, ५/५, उडणारा. दहापैकी तो फक्त चार डावांत हातात आला, आणि चारही वेळा शेवटपर्यंत हातातच राहिला. त्याच्या जागी चौथा इन्सिनरेटर गेला. ड्रॅगन आता डेकच्या डबीत, झाकणाखाली, वेगळ्या पाकिटात असतो. कार्डं पिसायला काढली की आधी तोच हाताला लागतो.